साखरपाणी आणि दासोह

चैत्र लागून चारच दिवस झालेत. कपिलधारचा धबधबा आटला आहे. कड्यावर पाण्याचा काळपट ओघळ तेवढा दिसतो. कार्तिकी पौर्णिमेला इथं दिंड्यांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. आज मात्र दुपारच्या उन्हात चार माणसंही नाहीत. मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन मामा आणि भाची सावलीला टेकले आहेत. मामांचं बीडमध्ये किराणा दुकान आहे आणि दुकानामागच्या पडवीत लोरिकीट पक्ष्यांची एक जोडी. भाची पशुवैद्यक आहे. दिवसभर गाई-म्हशी तपासते, पण गावात कुणाला पाखरू सापडलं की खोकं तिच्याच दवाखान्यात येतं. समोरच्या झाडावर बांडगूळ फुललं आहे. त्याच्याकडे बघता बघता बोलणं सुरू झालं.

मामा : ते बघ, आला. बांडगुळाच्या फुलात चोच घातली का नाही?

भाची : शिंजीर. नर आहे. उन्हात आला की जांभळा चमकतो, सावलीत गेला की कोळशासारखा दिसतो.

मामा : ह्याचीच एक जोडी पाहिजे मला.

भाची : कशाला?

मामा : कशाला म्हणजे? आठ वर्षं झाली लोरिकीट सांभाळतोय. तेही फुलातला रस पिणारंच पाखरू. ते जगलं माझ्या हातात, हा जगणार नाही होय? उलट हा सोपा. एवढासा जीव, आवाज नाही, घाण नाही. लोरिकीटचं तुला माहीत आहे, पिचकारी मारावी तशी शिटतात. रोज भिंती धुतो मी. आणि मला हे सांग, ऑस्ट्रेलियाचं पाखरू पाळलेलं चालतं आणि बीडचं चालत नाही, हा कुठला न्याय?

भाची : कायद्याचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं आणि सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. हा पक्षी आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. घराघरात पिंजऱ्यात दिसणारा आपला हिरवा पोपटसुद्धा पाळता येत नाही, मामा. लोक पाळतात ती गोष्ट वेगळी.

मामा : माझ्या लोरिकीटची नोंद आहे. 2024 च्या नियमाप्रमाणे परिवेश पोर्टलवर केली. कागद दाखवू?

भाची : तुमच्या कागदांवर माझा विश्वास आहे. म्हणूनच म्हणते, शिंजिराचा कागद होणार नाही.

मामा : बरं, कायदा घटकाभर बाजूला ठेव. पोटाचं बोल. मी त्याला उपाशी ठेवीन का?

भाची : तेच विचारते. काय घालाल खायला?

मामा : आता कसं माझ्या दुकानातलं बोललीस. ऐक. साखर एक भाग, पाणी चार भाग, दोन्ही तराजूवर मोजून. चमचा-वाटीचा अंदाज मला जमत नाही. पाणी उकळून गार केलेलं. पातळ झालं तर पाखरू दिवसभर पीत बसतं आणि पोट भरत नाही. घट्ट झालं तर जिभेवर चढत नाही, शिवाय अंगातलं पाणी कमी पडतं.

भाची : बरोबर. ज्या फुलांवर पक्षी येतात त्यांच्या रसात साखर साधारण 20 ते 25 टक्के असते. मधमाश्यांच्या फुलांचा रस बहुधा त्याहून घट्ट. शिंजिराची जीभ टोकाला नळीसारखी गुंडाळलेली आणि दुभंगलेली असते. पातळ रस त्या नळीत चढतो. पाक नाही चढत.

मामा : मी न शिकता तेच केलं की नाही? पुढचं ऐक. रंग घालायचा नाही. बाजारात लाल रंगाचं औषध मिळतं, ते फक्त माणसाच्या डोळ्यासाठी. मध घालायचा नाही. लोकांना वाटतं मध म्हणजे देवाचं, शुद्ध. पण पाण्यात कालवला की त्यात बुरशी धरते आणि पाखराच्या जिभेला, घशाला पांढरे चट्टे येतात. पहिल्या वर्षी माझी एक मादी तशीच गेली. तेव्हा मला काही कळत नव्हतं.

भाची : गूळ?

मामा : गुळाचं तर नावच काढू नको. गूळपाणी सकाळी ठेवलं तर दुपारी फसफसतं. आणि त्यात लोह. माणसाला चांगलं, पण अशा पाखरांच्या काळजात साठून बसतं म्हणे.

भाची : काळजात म्हणजे यकृतात. फळं आणि रस खाणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांना तो त्रास होतो. जंगलात त्यांच्या खाण्यात लोह कमी असतं, म्हणून मिळेल तेवढं शोषून घ्यायची शरीराची सवय. पिंजऱ्यात ते जास्त मिळालं की तीच सवय अंगावर येते.

मामा : म्हणून नुसती पांढरी साखर. आपल्या जिल्ह्याला साखरेचं काय कौतुक? दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याला जातं. आता वेळ सांगतो. थंडीत नळी दोनदा बदलायची, वैशाखात चार-चार तासांनी. प्रत्येक वेळी गरम पाणी आणि बारीक ब्रश. साबणाचा वास राहू द्यायचा नाही. शेजारी अंघोळीला उथळ ताटली, कारण साखर पिसांना चिकटली की पिसं एकमेकांना धरतात आणि पाखराला थंडी वाजते. आता बोल, चुकतोय कुठं?

भाची : आतापर्यंत कुठंच नाही. पण हे झालं पेय. जेवण कुठाय?

मामा : म्हणजे?

भाची : साखरपाण्यात ताकद आहे, पण मांस धरायला काही नाही. रस पिणाऱ्या पक्ष्याला प्रथिनं कमी लागतात हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही. लोरिकीटची जीभ ब्रशसारखी असते, ती फुलातला पराग ओरबाडून खाते. तिची प्रथिनं परागातून येतात. शिंजीर काय करतो? तो कोळी खातो. चिलटं, मावा, बारीक अळ्या खातो. आपण बघतो फुलावर, म्हणून वाटतं तो रसावर जगतो. फुलावरून उडून तो झाडाच्या सालीतून काय टिपतो ते आपण बघत नाही.

मामा : चिलटं माझ्याकडं आहेत. खोटं वाटतं का? पिकलेली, काळी पडलेली केळी बरणीत टाकायची, वर जाळी बांधायची. आठ-दहा दिवसांत चिलटांचा ढग तयार. बरणी पिंजऱ्यात ठेवली की निघतील तशी टिपतात. बायको म्हणते दुकानात चिलटं झाली तर गिऱ्हाईक पळेल. ते वेगळं भांडण. आणि लोरिकीटसाठी ती जर्मन पावडर मागवतो ना, नेक्टॉन, त्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं सगळी आलीच.

भाची : मामा, तुम्ही खरंच अभ्यास केलाय. शंभर वर्षांपूर्वी युरोपातले हौशी लोक शिंजिरांना आणि हमिंगबर्डना मध, डब्यातलं आटवलेलं दूध आणि लहान मुलांचं माल्टचं पीठ एकत्र कालवून पाजायचे. नुसत्या गोडावर पक्षी टिकत नाही, हे त्यांना पक्षी गमावूनच कळलं असणार.

मामा : आणि मी त्यांच्या पुढं गेलोय. मग अडचण काय? रस आहे, माशी आहे, अंघोळ आहे, सावली आहे, मांजर नाही. बाहेर काय आहे त्याला? ह्या वैशाखात माळ जळतो. तुझं प्रेम मला कळतं, पण पाखराला विचार, भरलेली नळी पाहिजे का फिरती भूक.

भाची : त्याला विचारायची सोय असती तर आपण इथं बसलोच नसतो. पण फिरती भूक म्हणता तशी ती नसते. शिंजिराचं सगळं वर्ष ठरलेलं असतं. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर, मग पांगारा, उन्हाळ्यात नेपतीची लाल फुलं, करंज, आणि हे बांडगूळ. एक संपलं की दुसरं. मधल्या दिवसांत कोळी. विणीचा मोठा भागही तो पावसाच्या आधी उरकतो. आपल्याला उजाड दिसतो त्या माळावर त्याची पिल्लं वाढतात.

मामा : पिल्लांना काय, रसच ना?

भाची : तिथंच लोक फसतात. पिल्लांना मुख्यतः किडे आणि कोळी. मादी झुलती पिशवी विणते, कोळ्याच्या जाळ्यानं सांधते, दाराला छोटीशी पडवीसुद्धा काढते. बहुधा दोनच अंडी. ती एकटीच उबवते, पण भरवायला नरही येतो. त्या घरट्यात साखर फार थोडी जाते. अन् आता मी तुम्हाला माझी चूक सांगते. मागच्या उन्हाळ्यात एका घरून खोकं आलं. फांदी छाटताना घरटं पडलेलं. पिल्लू दोन दिवस त्यांनीच सांभाळलं होतं, ड्रॉपरनं गूळपाणी पाजत होते. माया होती हो. माझ्याकडं आलं तेव्हा त्याच्या श्वासात घरघर होती. पाणी घशात न जाता श्वासनळीत गेलं होतं. मी ते ऐकलं, आणि तरी घाईनं, काहीतरी करायलाच पाहिजे म्हणून, आणखी एक थेंब चोचीत सोडला. संध्याकाळी ते गेलं.

मामा : ते तुझ्या थेंबानं गेलं असं नाही.

भाची : असेल किंवा नसेल. पण त्या थेंबाची गरज नव्हती. त्याला ऊब पाहिजे होती, आणि बारीक किडे, पंधरा-वीस मिनिटांनी, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. खरं तर त्याला त्याचं घरटं पाहिजे होतं. पडलेली पिशवी दोरीनं त्याच फांदीला बांधली असती तर आईबाप आले असते. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतो, ही नुसती समजूत आहे.

मामा : आणि दुसरा? काचेला धडकलेला? त्याच रात्री तूच फोन केला होतास मला.

भाची : केला होता. नाकारत नाही.

मामा : नऊ वाजले होते. मी दुकान बंद करत होतो. "मामा, शिंजीर आहे, शुद्धीवर आला, पण काही घेत नाही." मी काय सांगितलं?

भाची : "तोंडात ओतू नको. चोचीचं टोक बुडेल एवढंच पुढं धर, जीभ बाहेर आली की तो स्वतः घेईल. एकास चार. आणि केळाची बरणी उद्या बसनं पाठवतो." वनविभागाला कळवून तीन दिवस ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या मागच्या अडुळशावर जाऊन बसला.

मामा : मग? त्या पाखराचा जीव कुणी वाचवला? माझ्या पिंजऱ्यानं.

भाची : तुमच्या हातानं, मामा. पिंजऱ्यानं नाही.

मामा : पिंजऱ्याशिवाय हात शिकला असता का?

भाची काही बोलली नाही. शिंजीर बांडगुळावरून उडून कड्याच्या बाजूला गेला. हा प्रश्न तिच्या दवाखान्यातल्या पुस्तकांत नव्हता. एकास चार हे प्रमाण, मधाचा धोका, लोहाचा धोका, यांतलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या बंद पक्ष्यावरून माणसाला कळलं आहे. थोड्या वेळानं तिनंच बोलणं पुढं नेलं.

भाची : तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा तुम्ही मांडला नाहीत, तो मीच मांडते. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर म्हणून रस पिणारा पक्षी आहे. काळापिवळा, फार देखणा. जंगल तुटलं आणि रानात जेमतेम काहीशे उरले. सिडनीच्या टरोंगा प्राणीसंग्रहालयानं 1995 पासून त्यांची पैदास केली. बंद जागेत वाढवलेले पक्षी पुढं रानात सोडले. तिथं कुणाला खाऊ घालायची कला येत नसती, तर त्या पक्ष्याचा एक आधार गेला असता.

मामा : बघ! मी हेच म्हणतोय कधीचा.

भाची : गोष्ट संपली नाही. रानात पक्षी इतके विरळ झाले की तरुण नरांना गाणं शिकवायला म्हातारे नर जवळपास उरले नाहीत. ते दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी म्हणायला लागले, आणि असं परकं गाणं म्हणणाऱ्याला जोडीदार मिळणं अवघड. संग्रहालयातल्या पिल्लांचीही तीच गत. शेवटी त्यांच्यासाठी गाण्याची शिकवणी लावावी लागली. रेकॉर्ड ऐकवले, जाणते नर शेजारी ठेवले.

मामा : म्हणजे जेवण देता येतं, गळा देता येत नाही.

भाची : जेवण हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. आणि तुमच्या एका जोडीतून शिंजिराची जात वाचणार नाही. ती धोक्यात नाहीच. तिथं पिंजरा शेवटचा उपाय होता. इथं तो हौस आहे.

मामा : हौसेला एवढं हलकं बोलू नको. ऑस्ट्रेलियाचीच दुसरी गोष्ट मला माहीत आहे. करंबिन म्हणून गाव. तिथं ग्रिफिथ्स नावाचा फुलवाला, ग्लॅडिओलसची शेती. रानातली लोरिकीट येऊन फुलं कुरतडायची. दुसरा असता तर बंदूक काढली असती. ह्यानं 1947 मध्ये त्यांना बाजूला बोलावून पाव आणि मध ठेवायला सुरुवात केली. फुलं वाचली, पाखरं वाचली, आणि तिथं पुढं अभयारण्यच झालं. हौसच होती की ती.

भाची : आवडली मला ही गोष्ट. पण त्यात पिंजरा कुठाय?

मामा : नाही खरा.

भाची : आणि पाव-मधाचं जेवण लोरिकीटला बाधतं, हे आता तिथले पशुवैद्यकच ओरडून सांगतात. शेकडो पक्षी एका ताटलीत पितात, तिथं एकाचा रोग सगळ्यांना. म्हणजे मोकळ्या पक्ष्याला खाऊ घालतानासुद्धा तुमची तराजू आणि तुमचा ब्रश लागतोच.

मामा : मग तू म्हणतेस तरी काय? पाळू नको, ताटली ठेवू नको, नुसतं बघत बस?

भाची : न्यूझीलंडमध्ये हिही नावाचा एक पक्षी आहे. तोही रस पिणारा. जुनं जंगल गेलं, म्हणून राखीव बेटांवर त्याला साखरपाणी ठेवतात. पण तिथं तुई नावाचा दांडगा पक्षी येऊन सगळं पिऊन टाकतो. मग त्यांनी साखरपाण्याभोवतीच पिंजरा बसवला. जाळीची भोकं अशी की हिही आत-बाहेर करू शकतो, तुई आत शिरू शकत नाही.

मामा : म्हणजे पिंजऱ्यात अन्न ठेवलं आणि पाखरू बाहेर?

भाची : हो.

मामा बराच वेळ समाधीच्या कळसाकडं बघत राहिले. मग त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

मामा : इथं यात्रेला अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, दरवर्षी पंगतीला वाढायला उभे राहायचे. मी लहान होतो. एकदा मी विचारलं, हे एवढे लोक कुठले, आपण ह्यांना का जेवू घालतो? तर म्हणाले, आपण घालत नाही, ते जेवतात म्हणून आपल्याला वाढायला मिळतं. दासोह म्हणजे तेच. वाढणारा तिथं मालक नसतो, दास असतो. जेवणारा जेवला की उठला आणि गेला. कुठल्या गावचा, परत येणार का, काही विचारायचं नाही.

भाची : हे मला सुचलं नसतं.

मामा : तुला पुस्तकातलं सुचतं, मला पंगतीतलं. पण आता हे असं बघितलं की माझी अडचण होते. माझ्या लोरिकीटना मी मनापासून वाढतो. पण ती उठून जाऊ शकत नाहीत. तो दासोह नाही झाला. ती झाली खानावळ, आणि तिचं दार बाहेरून बंद.

भाची : त्यांना सोडू मात्र नका हां. ती पिंजऱ्यात जन्मलेली. इथल्या माळावर दोन दिवस टिकणार नाहीत, आणि टिकली तर इथल्या पक्ष्यांच्या ढोलींवर हक्क सांगतील. ऑस्ट्रेलियातच, पर्थ शहरात, माणसानं सोडलेली लोरिकीट आता उपद्रव मानली जातात.

मामा : सोडणार नाही. आणली आहेत तर शेवटपर्यंत करणार. ते कर्ज आहे माझ्यावर. पण नवीन जोडी आणणार नाही. शिंजिराचीही नाही.

भाची : आणि तुमचं कसब?

मामा : ते कुठं जातंय? तुझ्या दवाखान्यात खोकं येतच राहणार. रात्री नऊला फोन कर. पण मला मोकळ्या पाखरालाही वाढायचंय. गॅलरीत बाटली टांगू का?

भाची : टांगा, पण एक लक्षात ठेवा. साखर सगळ्यांना पचत नाही. साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या आतड्यात साखर फोडायची सोयच नसते; त्यांना जुलाब होतात. पळस-सावरीच्या फुलांवर त्या गर्दी करतात, कारण तिथली साखर आधीच फुटलेली, पचायला सोपी असते. शिंजिराला दोन्ही चालतात. आणि वैशाखात चार तासांनी बाटली धुणं जमणार नसेल, तर बाटली नकोच. त्यापेक्षा झाड लावा. फुलाला ब्रश लागत नाही.

मामा : डोंगरभर सीताफळ लावलंच आहे की. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय उगीच?

भाची : सीताफळ आपल्या पोटाचं, शिंजिराच्या नाही. त्याच्या फुलात मध नसतो. ते जाड पाकळ्यांचं हिरवट फूल बारीक भुंग्यांसाठी असतं. परागीकरण तेच करतात. शिंजीर तिथं आला तर कोळी शोधायला येईल.

मामा : मग काय लावू?

भाची : दुकानामागं जागा किती?

मामा : चार हात बाय दहा हात.

भाची : तेवढ्यात कोरफड येते. थंडीत तिला दांडा निघतो आणि शिंजीर त्याला लटकून पितो. कुंपणाला अडुळसा. शेतावर धायटी लावा. तिची लाल फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला येतात, नेमकी ह्याच दिवसांत. बांधाला पळस आपोआप उगवतो, तो फक्त तोडू नका. आणि आंब्यावरचं बांडगूळ सगळंच्या सगळं छाटू नका. झाडाला जड होतं तेवढं काढा, एखादी फांदी राहू द्या.

मामा : बांडगूळ राखायला सांगणारी तू पहिली.

भाची : तुम्ही बसल्यापासून बघताय त्याच्याचकडं.

मामा हसले. उन्हं कलली होती. शिंजीर परत आला होता. यावेळी त्याच्यामागून पिवळसर पोटाची, न चमकणारी मादीही. दोघं फुलांवर दोन-तीन मिनिटं होती. नर पुढं गेला. मादी मात्र कड्याच्या भेगेतल्या जाळ्याजवळ थांबली, चोचीत काहीतरी धरलं आणि उडाली. ते घरट्यासाठी जाळं होतं की पिल्लासाठी कोळी, हे खालून कळलं नाही.

जाताना दोघांचं ज्यावर एकमत झालं, ते वाचकांनीही लक्षात ठेवावं. अंगणात शिंजीर बेशुद्ध किंवा जखमी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि उबेत ठेवा. चोच उघडून काहीही ओतू नका. साखरपाणी नको, गूळपाणी नको, मध नको. पिल्लू असेल तर आधी घरटं शोधा आणि शक्य असेल तर ते तिथंच परत ठेवा. मग वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बीड जिल्ह्यात जखमी वन्यजीवांसाठी तागडगावचं सर्पराज्ञी केंद्रही आहे. मदत यायला वेळ लागणार असेल आणि पक्षी मान उचलून बघत असेल, तरच वजनानं एकास चार या प्रमाणात पांढऱ्या साखरेचं पाणी उथळ झाकणात चोचीच्या टोकापुढं धरा. प्यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. आणि तो उडण्याइतका बरा झाला की खोक्याचं झाकण उघडून मागं सरा.